"सोलापूरला ऊन कधी नव्हतं?" असं विचारणाऱ्या काकांना काय सांगायचं

प्रश्न जुळे सोलापुरातल्या एका मुलाचा आहे, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आणि त्याच्या मित्रांनी सोसायटीच्या हॉलमधे हवामान बदलावर कार्यक्रम ठेवला, पीपीटी केली, पोस्टर लावले, दोनशे जणांना मेसेज टाकला, आले चौदा. बर्फ वितळतानाचे आणि पांढऱ्या अस्वलांचे फोटो दाखवले तर लोक मोबाईल बघत बसले, आणि शेवटी एक काका उठून म्हणाले, "सोलापूरला ऊन कधी नव्हतं?" सगळे हसले आणि कार्यक्रम संपला. तो विचारतोय की लोक इतके उदासीन का आहेत आणि त्यांना जागं कसं करायचं.

दादा, चौदा लोक आले हे कमी समजू नका, मी तीन बायकांच्या मीटिंगपासून सुरुवात केलीय. गेली बावीस वर्षं सोलापुरात वस्त्यांमधे काम करते, आधी विडी कामगार बायकांचे बचत गट, मग उत्तर सोलापूर आणि मोहोळ तालुक्यातल्या गावांमधे पाण्याचं काम, आणि साधारण दहा वर्षांपासून ऊन आणि पाऊस या विषयावर मुद्दाम बोलते. त्यामुळे जे लिहितेय ते वस्तीतलं आणि गावातलं आहे, सोसायटीतला अनुभव त्यामानाने कमी आहे, ते लक्षात ठेवून वाचा.

तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. तुम्ही म्हणता लोकांना पडलेलं नाही. मला तसं दिसत नाही. जानेवारीत आपल्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम प्रदीपनाच्या रात्री कधी थांबलायत का? दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्य वगैरे ठेवतात, आणि ते कसं वागतं त्यावरून यंदा पाऊसपाणी कसं राहील, काय महागेल, याची भाकणूक सांगतात. ती ऐकायला थंडीत रात्री उशिरापर्यंत लोक उभे असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर पहिला विषय तोच असतो, "यंदा काय सांगितलं?" भाकणुकीवर विश्वास ठेवायचा की नाही ते बाजूला राहू द्या, पण ज्या गावात लोक पाऊस कसा होणार हे ऐकायला रात्र जागवतात त्या गावाला हवामानाचं पडलेलं नाही असं कसं म्हणायचं? पडलंय, आणि पिढ्यान्‌पिढ्या पडलंय. आपण ज्या भाषेत आणि ज्या फोटोतून ते त्यांच्यासमोर मांडतो तिथे त्यांना आपला पाऊस ओळखू येत नाही, आणि ओळखू आला तरी "मी एकटा काय करणार" इथे गाडी अडते. म्हणजे अडचणी दोन आहेत, ओळख पटत नाही आणि एकटं वाटतं. दोन्हीवर काम करता येतं, पण काम वेगवेगळं करावं लागतं.

आधी काकांचा प्रश्न घेऊ, कारण तुमच्या पूर्ण कार्यक्रमातला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता असं मला खरंच वाटतं. सोलापूरला ऊन होतंच. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या वर जाणं इथल्या माणसाला नवीन नाही. जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, १८७६ चा दुष्काळ झाला, १९७२ चा तर अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, दुष्काळात वाटलेली सुकडी आणि खडी फोडायची कामं हे त्यांनी स्वतः भोगलंय. अशा माणसासमोर जाऊन "आता गरम व्हायला लागलंय" म्हटलं तर तो हसणारच. त्याला सांगायचं की काका, दुपारचं ऊन राहू द्या, रात्रीचं बोला. तुम्ही लहान असताना मे महिन्यात अंगणात बाज टाकून झोपायचात, पहाटे अंगावर काय घ्यायचात? चादर घ्यायचात ना, आपलीच सोलापुरी. आता एप्रिल-मेमधे पहाटे चारला चादर लागते का? इथे माणूस थांबतो आणि विचार करायला लागतो. अर्थात यात सिमेंटचा स्लॅब, कमी झालेली झाडं, बंद झालेली अंगणं हे सगळं आहे, नुसता हवामान बदल नाही, आणि तेही तिथल्या तिथे सांगून टाकायचं. पण रात्री थंड न होणं ही तापलेल्या जगाची मोठी खूण आहे. २०२४ हे वर्ष नोंदी सुरू झाल्यापासून सगळ्यात गरम गेलं, कारखानदारी सुरू व्हायच्या आधीच्या काळापेक्षा जगाचं सरासरी तापमान साधारण दीड अंशाने वर. दीड अंश ऐकायला किती छोटा वाटतो, म्हणून मी तो आकडा सुरुवातीला कधीच सांगत नाही, चादरीनंतर सांगते.

विडी कामगारांच्या वस्तीत काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण मी जे काही शिकले ते तिथेच. पत्र्याची दहा बाय बाराची खोली, बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली, पानं कापून तंबाखू भरून दिवसाला हजारभर विड्या वळायच्या तेव्हा कुठे मजुरी. फॅन लावता येत नाही, तंबाखू उडते आणि पान वाळून चिरतं. म्हणजे एप्रिल-मेमधे ती बाई बंद फॅनखाली, तापलेल्या पत्र्याखाली आठ-दहा तास बसते. आमची पहिली मीटिंग मी "जागतिक तापमानवाढ" या नावाने घेतली होती, चार्ट घेऊन गेले होते, त्या ऐकत होत्या पण हात विड्या वळत होते आणि डोळे माझ्याकडे नव्हते. शेवटी एक अक्का तेलुगू हेल काढून म्हणाली, "ताई, ते सगळं खरं असेल की, पण पान चिरायलंय, छाट वाढायलीय, त्याचं काय करायचं ते सांगा." छाट म्हणजे कारखान्यात माल देताना बाजूला काढून टाकलेल्या विड्या, त्याची मजुरी मिळत नाही. मी चार्ट गुंडाळला. त्या दिवशी मला कळलं की मी ज्याला तापमानवाढ म्हणत होते त्याला तिच्याकडे आधीच एक शब्द होता आणि तो शब्द छाट होता.

मग आम्ही एक केलं. बाजारात साधं थर्मामीटर मिळतं, भिंतीला लावायचं, दोनशे-अडीचशे रुपयांचं. सात घरांत लावलं आणि प्रत्येक घरात शंभर पानी वही दिली. दुपारी तीनला आणि रात्री दहाला आकडा लिहायचा, आणि बाजूला त्या दिवशी किती विड्या झाल्या, छाट किती गेली, रात्री झोप लागली का, डोकं दुखलं का, एवढंच. लिहिता येत नव्हतं तिथे शाळेतल्या मुलीने लिहिलं. पहिला आठवडा कुणी सिरियसली घेतलं नाही, मला वाटलं हेही गेलं. दुसऱ्या आठवड्यात एक बाई दुसरीच्या घरी जाऊन तिचा आकडा बघून आली आणि म्हणाली, तिच्या घरात रात्री दहालाही अडतीस आहे आणि माझ्याकडे पस्तीस, असं का? कारण विचारणाऱ्या बाईच्या स्वतःच्या पत्र्याखाली जुन्या चादरींचं आणि पुठ्ठ्याचं छत ठोकलेलं होतं. तिथून वस्तीत बोलणं सुरू झालं, माझ्याशिवाय. मी काही सांगितलं नव्हतं. त्या महिन्याच्या शेवटी वह्या मांडून बसलो तेव्हा ज्या दिवशी घरात पारा चढलेला त्या दिवशी छाट जास्त आणि विड्या कमी हे त्यांनी स्वतः बोट ठेवून दाखवलं. सात घरांच्या वह्यांना कुणी शास्त्र म्हणणार नाही हे मलाही मान्य आहे, पण त्या सात बायकांना ते कुणाच्याही भाषणापेक्षा खरं होतं, कारण अक्षर त्यांच्या घरातलं होतं.

नंतर पत्र्यावर पांढरा रंग द्यायचं ठरलं. पहिल्या वर्षी स्वस्तात होईल म्हणून मी चुना लावायला सांगितला आणि ती माझी चूक झाली, स्लॅबवर चुना बरा टिकतो पण पत्र्यावर पहिल्या वळवाच्या सरीत धुऊन गेला, लोकांचे पैसे गेले आणि विश्वासही थोडा गेला. दुसऱ्या वर्षी रिफ्लेक्टिव्ह पेंट आणला, तो महाग पडतो, म्हणून गटाने भिशीसारखं केलं, दर महिन्याला दोन घरं, सोडत काढून. रंग दिलेल्या घरांत दुपारी तीनेक अंशाचा फरक वहीत दिसला. तीन अंश म्हणजे ती बाई आरामात बसली असं नाही, अजूनही ते घर गरमच आहे, पण मूल दुपारी झोपतं. मग ज्या नवऱ्यांनी "हे काय खूळ" म्हटलं होतं ते स्वतः पत्र्यावर चढून ब्रश मारायला लागले. म्हणून तुम्हाला सांगते, जागं करण्यात ताकद घालवू नका. मोजायला द्या, आणि मोजून झालं की हाताला लगेच करण्यासारखं एक काम असू द्या. नुसतं मोजलं आणि पुढे काहीच नाही तर माणूस आणखी खचतो, हे मी दोन वस्त्यांत बघितलंय जिथे आम्ही वह्या दिल्या आणि रंगाचे पैसे जमले नाहीत, तिथे पुढच्या वर्षी कुणी दार उघडलं नाही.

गावाकडे थर्मामीटर चालत नाही, तिथे पाऊस चालतो. गावात मी देवळाच्या पारावर बसून नक्षत्रांची नावं खडूने लिहिते, रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा, करत करत हस्तापर्यंत, म्हणजे हत्तीपर्यंत, आणि स्वातीपर्यंत, आणि ज्वारीचे दाणे देते. साठीच्या पुढच्यांनी, तुम्ही औत धरायला लागलात तेव्हा कुठल्या नक्षत्रात किती पडायचा तेवढे दाणे ठेवायचे, आणि चाळिशीच्या आतल्यांनी आत्ताच्या पाच वर्षांत कसा पडतो तेवढे. दहा मिनिटांत भांडण सुरू होतं, आणि ते भांडण म्हणजेच आपली मीटिंग. कुणी म्हणतं मृग कधी भरवशाचा होताच, कुणी म्हणतं आमची पेरणी तर हत्तीच्या पावसावर, आपलं गाव रब्बीचं, मालदांडी ज्वारीचं. शेवटी साधारण एक गोष्ट बहुतेक गावांत निघते, की पावसाचे दिवस कमी झालेत आणि पडला की एकदम पडतो, शेतात वाफसाच, म्हणजे पेरणीजोगी ओलच, येत नाही. मग मी म्हणते आठवणीवर जाऊ नका, महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आहेत, त्या काढू. आठवण कधीकधी चुकते, एका गावात म्हातारे ज्या वर्षाला चांगलं म्हणत होते ते नोंदीत कोरडं निघालं, आणि तेही सगळ्यांसमोर मान्य केलं की लोकांचा आपल्यावर भरवसा वाढतो.

आणि मग कारण सांगायची वेळ येते. मी एवढंच सांगते, हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते. हवा म्हणजे पाण्याची पिशवी समजा, ती मोठी झाली की भरायला वेळ जास्त लागतो म्हणून मधे उघडीप लांबते, आणि फाटली की एकदम ओतते. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामान विज्ञान संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मधे दाखवलं की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, अरबी समुद्रावरून येणारी वाफ त्यामागे आहे. तो पट्टा आपल्या जिल्ह्याच्या जरा उत्तरेला येतो हेही मी सांगते, ओढूनताणून आपल्या गावाला लावत नाही. आपल्याकडचं आपण डोळ्यांनी बघितलंय. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण वजा साठ टक्क्यांच्या जवळ गेलं होतं, म्हणजे वापरायचा साठा संपून पाणी त्याच्याही खूप खाली गेलं होतं, धरणाच्या पोटातली जुनी देवळं-वाडे उघडे पडले होते, आणि सप्टेंबर २०२५ मधे सीना नदीला असा पूर आला की लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला, माढा, मोहोळ, करमाळ्यात घरात पाणी, उडीद-सोयाबीन कुजलं, कडबा वाहून गेला. दोन्हीमधे दीड वर्षाचंही अंतर नाही.

इथे एक इशारा देते आणि हा मनापासून घ्या. सगळं हवामान बदलावर ढकलू नका. उजनी का आटते? वरचा पाऊस, हो, पण भीमेच्या खोऱ्यात वरच्या बाजूला पाण्याचा वापर किती, कालव्याची आवर्तनं कधी सोडली, ऊस किती लावला, हे सगळं त्यात आहे, आणि सोलापूरच्या माणसाला हे राजकारण पाठ आहे. सीनेच्या पुरात पाऊस होताच पण ओढे बुजवले, पात्रात बांधकामं झाली, तेही होतं. तुम्ही उभे राहून "हे सगळं ग्लोबल वॉर्मिंगमुळे" म्हणालात की मागच्या रांगेतला शेतकरी मनात म्हणतो, बरोबर आहे, साहेबांना सोडून दिलं. आणि तो उठून जातो. त्यापेक्षा असं सांगायचं, की आधीच भेगा पडलेल्या भिंतीवर आता जास्त जोराने धक्के बसायला लागलेत, धक्का कमी करणं जगाच्या हातात आहे आणि भेगा बुजवणं आपल्या. हे प्रामाणिकही आहे आणि त्यात गावाला करायला काहीतरी उरतं.

पुराबद्दल अजून एक. मोठं संकट आलं की लोक ऐकायच्या मनःस्थितीत असतात असं शहरातले कार्यकर्ते म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. पुरानंतर पहिले तीन-चार आठवडे आम्ही एक शब्द बोललो नाही, गाळ काढला, कोरडा चारा पोचवला, पंचनाम्याचे कागद भरून दिले. त्या काळात जो माईक घेऊन समजावायला येतो त्याला गाव कायमचं ओळखून ठेवतं. पंचनाम्याची धावपळ संपून रब्बीची पेरणी उरकल्यावर मीटिंगा घेतल्या तेव्हा न बोलावता लोक आले, आणि विषय त्यांनीच काढला की नदीकाठची कुठली घरं आधी हलवायची, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, म्हाताऱ्यांना कोण उचलणार.

आता दुसरी अडचण, एकटं वाटण्याची. तुमच्या सोसायटीला बहुतेक हीच जास्त लागू आहे. २०२४ मधे एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, १२५ देशांत सुमारे १ लाख ३० हजार लोकांना विचारलेलं. ८९ टक्के लोक म्हणाले की आमच्या सरकारने यावर जास्त काम करायला हवं. ६९ टक्के म्हणाले की आम्ही आमच्या मिळकतीतला एक टक्का दर महिन्याला द्यायला तयार आहोत. आणि त्यांनाच विचारलं की तुमच्या देशातले बाकीचे किती जण देतील, तर सरासरी उत्तर आलं ४३ टक्के. म्हणजे प्रत्येक जण मनात तयार आहे आणि प्रत्येकाला वाटतंय की शेजारी तयार नाही. तुमच्या त्या हॉलमधे जे हसले ना, त्यातले निम्मे तरी असे असतील असं मी खात्रीने म्हणेन, एकजण हसला की बाकीच्यांना वाटतं इथे गंभीर होणं बरं दिसणार नाही.

यावर माझा उपाय चिठ्ठ्यांचा. विजापूर रोडच्या एका सोसायटीत मला बोलावलं होतं, मी भाषण केलंच नाही, आल्या आल्या कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या, नाव लिहायचं नाही. उन्हाळ्यात रात्री नीट झोप लागते का? टँकरचा खर्च पाच वर्षांत वाढला का? गच्ची थंड ठेवायच्या कामाला महिन्याला शंभर रुपये द्याल का? आणि शेवटचा प्रश्न, तुमच्या मते या हॉलमधले किती जण देतील? चिठ्ठ्या तिथेच मोठ्याने वाचल्या. तिसऱ्या प्रश्नाला तीन चतुर्थांशाच्या आसपास "हो" आलं आणि चौथ्याला बहुतेकांनी "पाच-सहा" असं लिहिलेलं. हॉलमधे एकदम शांतता झाली आणि मग सेक्रेटरीच म्हणाले, "मग अडलंय कुठं?" त्यांची गच्ची त्याच उन्हाळ्याआधी पांढरी झाली. सगळीकडे असं होईल असं नाही, जिथे सोसायटीत आधीच दोन गट आहेत, मेंटेनन्सवरून वाद आहेत, तिथे चिठ्ठ्यांनीही काही होत नाही, आधी ते भांडण मिटवावं लागतं किंवा सरळ एका जिन्यापुरतं, एका विंगपुरतं काम करावं लागतं.

आता एक प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल, मला दर वेळी विचारतात, तेव्हा तयारी ठेवा. "आम्ही बल्ब बंद करायचा आणि तिकडे फताटेवाडीला १३२० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प चालू, त्याचं काय?" हा प्रश्न टाळू नका, तो बरोबर आहे. भारतात माणशी होणारं कार्बनचं उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी, आणि पत्र्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या बाईचं तर त्यातही नगण्य. तिला "पृथ्वी वाचवा" म्हणून उपदेश करणं मला अन्याय वाटतो, अगदी मनापासून वाटतो, आणि मी ते बंद केलं. तिच्याशी बोलायचं ते तिच्या जिवाच्या रक्षणाचं आणि तिच्या हक्काचं. अहमदाबादला मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा १३०० हून जास्त मृत्यू झाले, त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मधे उष्णतेचा आराखडा केला, इशारे, दवाखान्यांची तयारी, पिण्याच्या पाण्याची सोय, पुढे गरीब वस्त्यांत पांढरी छतं. आपल्याकडे वस्तीतल्या बायका वॉर्डात जाऊन हे मागू शकतात, आणि वह्या हातात असल्या की मागणं सोपं जातं. एप्रिलमधे आम्ही तशा गेलो होतो, पहिल्यांदा बाहेर बसवून ठेवलं, दुसऱ्यांदा वह्या उघडून टेबलावर ठेवल्या तेव्हा अधिकाऱ्याने पाच मिनिटं वाचलं. ओआरएसची पाकिटं आणि दुपारी एक हॉल उघडा ठेवायचं मान्य झालं. लहान गोष्ट आहे. पण ज्या बायकांनी आयुष्यात कधी सरकारी टेबलासमोर तोंड उघडलं नव्हतं त्या तिथून येताना रिक्षात काय जोरात बोलत होत्या ते मी विसरणार नाही. त्या दिवसानंतर त्यांना उदासीन म्हणायची कुणाची हिंमत नाही.

सोसायटीतल्या माणसाचं वेगळं आहे. त्याच्याकडे एसी आहे, गाडी आहे, मतही आहे आणि ओळखीही आहेत, त्याच्याकडून जास्त मागायला हरकत नाही. पीएम सूर्यघर ही छतावरच्या सोलरची योजना २०२४ पासून आहे, स्वतंत्र घराला तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सोलरला ७८,००० रुपये सबसिडी, आणि सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये. सोलापूरसारखं ऊन असलेल्या गावात हे न करणं म्हणजे दारातला आंबा सोडून बाजारात जाणं. सोसायटीत आधी पंपाचं आणि लिफ्टचं लाईटबिल बोर्डावर लावा, एवढंच, बारा महिन्यांची बिलं एका कागदावर. त्याखाली काही लिहू नका. लोक विचारायला येतात.

काही बारीक गोष्टी, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. नळाला पाणी यायच्या दिवशी मीटिंग ठेवू नका, आपल्याकडे काही दिवसांआड पाणी येतं, त्या दिवशी घरातलं कुणी हलत नाही आणि हलूही नये. निवडणुकीच्या महिन्यात तर नाहीच नाही, तुम्ही कुणाचे हेच शोधत बसतात. मीटिंगचं नाव "हवामान बदल" ठेवू नका, "उन्हाळ्यात घर थंड कसं ठेवायचं" ठेवा, हवामान बदल आत येतोच. घाबरवणारे व्हिडिओ दाखवू नका, मी दाखवलेत, लोक घाबरतात आणि घाबरलेला माणूस घरी जाऊन टीव्ही लावतो. आणि मुलांवर सगळा भार टाकू नका, "शाळेत शिकवलं की घरी बदल होईल" म्हणतात पण घरात पैसे कुठे खर्च करायचे ते मूल ठरवत नाही. आपल्या सिद्धेश्वर तळ्याची गोष्ट मात्र मी प्रत्येक ठिकाणी सांगते, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी भक्तांना बरोबर घेऊन ते तळं खोदलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पाण्यासाठी हाताने माती उपसणं ही इथली भक्ती आहे, हे सांगितलं की म्हाताऱ्या बायका लगेच पुढे सरकतात, त्यांना ते नवीन काही वाटत नाही.

किती दिवस लागतील असं तुम्ही शेवटी विचारलंय. वस्तीवर अवलंबून आहे. भाड्याच्या घरांत जास्त लागतात कारण भाडेकरू म्हणतो छत मालकाचं, मी का रंगवू, तिथे मालकाला गाठावं लागतं आणि ते काम मला अजूनही नीट जमलेलं नाही. स्वतःची घरं असतील तर एक उन्हाळा मोजण्यात आणि दुसरा करण्यात जातो. दोन उन्हाळे धरूनच चला. तुमचं शेवटचं वर्ष आहे, नोकरीला पुण्याला गेलात तर हे अर्धवट राहील, तेव्हा आत्तापासूनच सोसायटीतलं कुणीतरी कायम राहणारं माणूस धरा.

आणि ते माणूस म्हणजे ते काका असं मला वाटतं. भर हॉलमधे उठून प्रश्न विचारणारा माणूस ऐकत होता, बाकीचे मोबाईल बघत होते. रविवारी त्यांच्या घरी जा, एकटेच जा, पीपीटी नको. लहानपणी उन्हाळ्यात कुठे झोपायचे ते विचारा आणि ते बोलतील तेवढं बोलू द्या. त्यांचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल तर पहिलं थर्मामीटर त्यांच्याच हॉलमधे लावा, खिडकीपासून लांब, ऊन थेट पडणार नाही अशा भिंतीला, साधारण डोक्याच्या उंचीवर, आणि दुसरं खालच्या मजल्यावर कुणाकडे तरी. दोन वह्या, रात्री दहाची नोंद चुकवायची नाही. पंधरा दिवस झाले की दोन्ही वह्या शेजारी ठेवून काकांनाच वाचायला सांगा.